मोहोरबंद निरोपाची किंमत

सरकारी कोषागारातील भक्कम खोलीला दोन कुलपे असतात आणि त्यांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या हाती असतात. एक कोषागार अधिकाऱ्याजवळ, दुसरी खजिनदाराजवळ. दोघे एकत्र आल्यावाचून दार उघडत नाही. यात रोज सकाळी काही मिनिटे खर्ची पडतात हे उघड आहे. पण त्या मिनिटांबद्दल कोणी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. सुरक्षितता फुकट मिळत नाही, तिचे मोल वेळात, श्रमात किंवा पैशात चुकते करावे लागते, ही गोष्ट व्यवहारी माणसाने केव्हाच मान्य केलेली आहे. वाद उरतो तो मोल किती आणि ते कोणी द्यावयाचे, एवढ्यापुरताच.

इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांनाही हाच न्याय लागू पडतो. आज भारतात शेतकरी सातबाराचा उतारा, विद्यार्थी गुणपत्रिका आणि प्रवासी रेल्वेचे तिकीट या सेवांच्या द्वारे मिळवितो. निवृत्त कर्मचारी आपल्या हयातीचा दाखला त्यांच्याच मार्गाने पाठवितो. प्रत्येक वेळी त्याच्या हातातील फोन आणि दूरवरचा सर्व्हर यांच्यामध्ये प्रथम काही गुप्त बोलणी होतात, आणि मगच खऱ्या कामाला हात घातला जातो. ही बोलणी माणसाच्या कानावर पडत नाहीत. त्याला जाणवते ते फक्त पडद्यावर फिरत राहणारे चक्र.

मुळात ही व्यवस्था नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ ते १९९१ या काळात वेबची रचना केली, तेव्हा निरोप उघड्या पोस्टकार्डासारखा जात असे. वाटेतल्या कोणाही यंत्राने तो वाचावा, वाटल्यास चार अक्षरे बदलावी आणि पुढे धाडावा. शास्त्रज्ञांच्या आपसांतील पत्रव्यवहाराला एवढे पुरेसे होते. व्यापाराला ते पुरण्यासारखे नव्हते. म्हणून नेटस्केप या कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल नावाची मोहोरबंद निरोपाची पद्धत प्रचारात आणली, आणि तिलाच १९९९ मध्ये टीएलएस हे नाव मिळून ती सर्वमान्य प्रमाण ठरली. या पद्धतीने तीन गोष्टी साधावयाच्या असतात. निरोप दुसऱ्याला वाचता येऊ नये. तो ज्याच्या नावाने आला त्याचाच असावा. आणि वाटेत त्यात भर किंवा घट झालेली नसावी. शिवकालीन पत्रांत आरंभी मुख्य मुद्रा आणि अखेरीस मर्यादा-मुद्रा उमटवीत असत. आरंभीची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगे, आणि मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढविल्यास ते खोटे समजावे, एवढे अखेरची मुद्रा सांगे. गरज तीच आहे. फक्त लाख आणि शाई यांची जागा आकड्यांनी घेतली आहे.

या आकड्यांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्या वजनात जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात दोन्ही बाजूंकडे एकच किल्ली असते. तिने कुलूप लावणे व उघडणे हे यंत्राला अगदी हलके काम आहे. परंतु एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोघांनी ती किल्ली ठरवावी कशी, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या त्रयीने दिले. या दुसऱ्या प्रकारात किल्ल्यांची जोडी असते. एक चारचौघांत वाटावयाची, दुसरी स्वतःजवळ जपून ठेवावयाची. युक्ती अद्भुत आहे, पण तिचा गुणाकार जड आहे. आरएसए पद्धतीत आज सर्रास वापरली जाणारी २०४८ बिटांची संख्या दशमान पद्धतीने लिहावयाची म्हटल्यास ६१७ आकडी होते. अशा संख्येच्या घातांचे गणित सर्व्हरला प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी करावे लागते. संख्येची लांबी दुप्पट केली की श्रम दुप्पट होत नाहीत, साधारण सहा ते आठ पटींनी वाढतात. म्हणून शहाणपणाची तोड अशी निघाली की जड गणित फक्त आरंभी, किल्ली ठरविण्यापुरते करावे, आणि पुढचे सारे संभाषण हलक्या कुलपाने चालवावे.

एवढे करूनही १९९० नंतरच्या दशकातील यंत्रांना हा भार झेपत नसे. त्यासाठी सर्व्हरमध्ये निराळी प्रवेगक कार्डे बसवीत असत, आणि ती महाग असत. साहजिकच काटकसरीची वृत्ती बळावली. जेथे पैशांचा व्यवहार असेल किंवा परवलीचा शब्द विचारावयाचा असेल तेवढेच पान मोहोरबंद ठेवावे, बाकी सारे उघडे चालवावे, असा प्रघात पडला. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. पण परवलीचा शब्द ओळखून घेतल्यावर सर्व्हर पाहुण्याला एक बिल्ला देतो, आणि पुढे प्रत्येक पानावर तो बिल्ला दाखविला की आत सोडतो. परवलीचा शब्द कुलपात आणि बिल्ला मात्र उघड्यावर, अशी ही तऱ्हा झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचे एक छोटेसे साधन प्रसिद्ध झाले. उपाहारगृहातील सार्वजनिक वाय-फायवर बसलेल्या कोणाही माणसाला शेजाऱ्याचा बिल्ला त्यामुळे एका टिचकीसरशी उचलता येऊ लागला. फेसबुक व ट्विटर यांच्यासारख्या मोठ्या सेवाही त्यातून सुटल्या नाहीत. गुन्हेगारांना ही गोष्ट आधीपासून साध्य होती. फायरशीपने ती फक्त सर्वांच्या डोळ्यांसमोर आणली.

गंमतीची गोष्ट अशी की ज्या खर्चाच्या धाकाने ही अर्धवट कुलूपबंदी चालली होती, तो खर्च तोपर्यंत बहुतांशी नाहीसा झाला होता. गूगलने जानेवारी २०१० मध्ये आपली जीमेल ही टपालसेवा सर्वांसाठी मूळचीच मोहोरबंद केली. त्यासाठी नवी यंत्रे घ्यावी लागली नाहीत की खास कार्डे बसवावी लागली नाहीत. गूगलमधील ॲडम लँगली यांनी त्याच वर्षी जो हिशेब मांडला, त्यानुसार या कामासाठी सर्व्हरच्या गणनशक्तीचा एक टक्काही खर्ची पडत नव्हता आणि वाहतुकीत दोन टक्क्यांहून कमी भर पडत होती. त्याच वर्षी इंटेलने प्रमाणित कूटलेखनाचे गणित करणाऱ्या खास आज्ञा आपल्या नव्या प्रोसेसरमध्येच घातल्या. स्वस्त फोनांत अशा आज्ञा नसत. त्यांच्यासाठी डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००८ मध्ये रचलेली चाचा-२० ही हलकी पद्धत उपयोगी पडली, आणि २०१४ पासून अँड्रॉइडवरील क्रोम ब्राउझरने ती स्वीकारली. पुढे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने डिसेंबर २०१५ पासून ओळखीची प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य देण्यास आरंभ केला आणि पैशांची सबबही संपली. तरीही ‘कूटलेखनाने सेवा मंद होते’ हे वाक्य कित्येक कचेऱ्यांत पुढेही वर्षानुवर्षे ऐकू येत राहिले. रद्द झालेल्या नियमाच्या आधाराने नस्तीवर हरकत नोंदविणारा लिपिक जसा असतो, तसाच हा प्रकार.

मग मोल द्यावे लागत नाही काय? लागते, पण ते आता दुसऱ्या नाण्यात द्यावे लागते. ते नाणे म्हणजे फेऱ्या.

मुंबईपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतचे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे निरोप जाऊन उत्तर येण्यास निदान एक अष्टमांश सेकंद हवाच, आणि समुद्रतळाच्या केबलींची वळणे व वाटेतील यंत्रे जमेस धरली म्हणजे प्रत्यक्षात एक पंचमांश सेकंद सहज लागतो. प्रोसेसर कितीही वेगवान केला तरी या आकड्यात फरक पडत नाही. आता संभाषणाची रीत पाहावी. दोन यंत्रांचा संपर्क जुळण्यास एक फेरी. टीएलएसच्या जुन्या पद्धतीने ओळख पटवून किल्ली ठरविण्यास आणखी दोन. त्यानंतर खरी मागणी व तिचे उत्तर यांची एक. उघड्या पोस्टकार्डाचे काम दोन फेऱ्यांत झाले असते. मोहोरबंद पत्राला चार लागल्या. चार दशांश सेकंदांऐवजी आठ दशांश. शहरातील माणसाच्या हे लक्षातही येणार नाही. पण हाच निरोप पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर असलेल्या उपग्रहामार्फत जात असेल तर एकेका फेरीला जवळजवळ अर्धा सेकंद पडतो, आणि पहिले अक्षर दिसण्यापूर्वी दोन सेकंद निघून जातात. त्यातून एखादे पान जर दहा निरनिराळ्या सर्व्हरांकडून चित्रे, अक्षरवळणे आणि जाहिराती गोळा करीत असेल तर त्या प्रत्येकाशी ही बोलणी नव्याने करावी लागतात. संपर्क मध्येच तुटला तर पुन्हा आरंभापासून. पान उघडण्यास लागलेल्या वेळाचे खापर कुलपावर फोडण्यापूर्वी ती दहा दारे कोणी व कशासाठी ठेवली, हे विचारणे अधिक योग्य.

या दुखण्यावर उपाय शोधताना कूटलेखन सैल करण्यात आले नाही. बोलणी आखूड करण्यात आली. ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.३ या आवृत्तीत फोन पहिल्याच निरोपात आपला किल्लीचा हिस्सा पाठवून देतो. प्रथम कोणती पद्धत वापरावयाची ते ठरवावे आणि मग किल्ली काढावी, ही औपचारिकता गेली. दोन फेऱ्यांची एक झाली. शिवाय जुन्या, कमकुवत ठरलेल्या कूटपद्धतीही त्याच वेळी काढून टाकल्या गेल्या. सुरक्षितता आणि वेग दोन्ही एकाच सुधारणेने वाढावी असा योग कारभारात फार क्वचित येतो. मे २०२१ मध्ये क्विक या नावाने जी नवी वाहतूकपद्धत प्रमाण ठरली, तिने संपर्क जुळविण्याची व किल्ली ठरविण्याची फेरी एकच करून टाकली.

परंतु हाव येथे थांबली नाही. पूर्वी एकदा भेट झाली असल्यास ओळखीच्या जोरावर पहिल्याच निरोपात मागणीही पाठवून द्यावी, म्हणजे एकही फेरी वाया जाणार नाही, अशी सोय टीएलएस १.३ मध्ये आहे. तीत एक खोच आहे. असा निरोप वाटेत कोणी टिपून ठेवला तर तो त्याला वाचता येत नाही हे खरे, पण जसाच्या तसा पुन्हा पाठविता येतो. ‘हवामान दाखवा’ ही मागणी दोनदा गेली तर कोणाचे काही बिघडत नाही. ‘अमुक खात्यात रक्कम भरा’ हा आदेश दोनदा गेला तर एकच धनादेश दोन वेळा वटल्यासारखे होते. म्हणून ही सोय फक्त वाचनाच्या मागण्यांसाठी वापरावी असा दंडक आहे. तो पाळणे ज्याने त्याने आपल्या सेवेत पाहावयाचे आहे, आणि नेमकी अशीच कामे कचेऱ्यांतून निसटतात.

आणखी एक खर्च असा आहे की तो कोणत्याही मोजमापाच्या तक्त्यात दिसत नाही. निरोप उघडा होता तेव्हा वाटेतले एखादे यंत्र त्याची प्रत ठेवून घेत असे. एका शाळेत चाळीस मुलांनी एकच पान मागितले तर ते दूरच्या सर्व्हरकडून एकदाच येई. उरलेल्या एकोणचाळीस जणांना शाळेतील यंत्रच प्रत देई. पान मोहोरबंद झाले की मधल्या यंत्राला ते काय आहे हेच कळत नाही, आणि चाळीस प्रती चाळीस वेळा दुरून आणाव्या लागतात. एरिक मेयर या अमेरिकन वेबतज्ज्ञाने २०१८ मध्ये युगांडाच्या ग्रामीण भागातील अनुभवावरून ही अडचण मांडली होती. तेथे उपग्रहाची अरुंद वाट हाच एक आधार होता, आणि ती वाट वाचविणाऱ्या साठवणुकीचा उपयोग जगभरच्या पानांना कुलपे लागत गेली तसतसा संपत गेला. विकिपीडियाने जून २०१५ मध्ये आपली सर्व पाने मोहोरबंद करण्याचे जाहीर केले. ज्ञानकोशाचे पान सर्वांना सारखेच असते, मग त्याला कुलूप कशाला, असे कोणी म्हणेल. पण कोणी कोणते पान वाचले ही गोष्ट खासगी आहे, आणि काही देशांत ती धोक्याचीही आहे. निर्णय योग्यच होता. एवढेच की त्याची किंमत ज्या शाळेने मोजली, त्या शाळेला तो घेताना कोणी विचारले नव्हते.

आतापर्यंत जे पाहिले ते टपालाच्या थैलीला कुलूप लावण्यासारखे होते. थैली मुक्कामावर पोचली की उघडते आणि आतली पत्रे मोकळी होतात. परंतु निरोप जर चार कचेऱ्यांच्या हातांतून जावयाचा असेल, आणि मधल्या तिघांनी तो वाचू नये अशी अपेक्षा असेल, तर थैलीबरोबरच प्रत्येक पत्रालाही लाख लावावी लागते. संगणकांच्या आपसांतील सेवांसाठी अशी एक पद्धत ओॲसिस या संस्थेने २००४ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली, आणि ती जड म्हणून लवकरच प्रसिद्धीस आली. तीतील निरोप एक्सएमएल या मांडणीत लिहिलेला असतो. त्यावर सही करण्यापूर्वी तो एका ठराविक साच्यात घोटून घ्यावा लागतो, कारण एखादी मोकळी जागा किंवा अवतरणचिन्ह इकडचे तिकडे झाले तरी सही जुळत नाही. मोहोरबंद मजकूर पुन्हा साध्या अक्षरांत उतरवावा लागतो, आणि तीन अक्षरांची त्यात चार होतात. म्हणजे कूटलेखनाच्या गणितापेक्षा कागद नीटनेटका करण्यातच अधिक वेळ जाऊ शकतो. ज्यांनी सरकारी मसुद्याची शुद्ध प्रत तयार होताना पाहिली आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

तरीही ही पद्धत उगाच आलेली नाही. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्या क्रमांकावरून ओळख पटविण्याची जी सेवा पुढे उभी राहिली, तीत रास्त भावाच्या दुकानातील यंत्रावर ठेवलेल्या बोटाचा ठसा त्या वेळेपुरत्या नव्या किल्लीने बंद होतो, ती किल्ली प्राधिकरणाच्या सार्वजनिक किल्लीने बंद होते, वर सही होते, आणि मग तो लखोटा दोन मध्यस्थ संस्थांच्या सर्व्हरांवरून केंद्रीय भांडारापर्यंत पोचतो. मधल्यांना ठसा दिसत नाही. परवलीचा शब्द चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून ही लाख हवीच. या साऱ्या कुलपांचे गणित सेकंदाच्या अल्प अंशात उरकते. परंतु डोंगराआडच्या गावात, जेथे मोबाइलची एकच क्षीण रेघ कधी दिसते कधी नाही, तेथे अडथळा गणिताचा नसतो, वाटेचा असतो. टप्पे जितके अधिक तितक्या तुटण्याच्या जागा अधिक. प्रत्येक अपयशानंतर रांगेतील म्हातारीला बोट पुन्हा टेकावे लागते, आणि रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाचा अर्धा दिवस जातो. संपर्काच्या किंवा ठशाच्या अडचणीमुळे कोणाचेही धान्य अडवू नये, दुसऱ्या कागदपत्रांवरून ओळख पटवून ते द्यावे, असे केंद्र सरकारने २०१७ मध्ये राज्यांना कळविले. तांत्रिक परिभाषेत या नोंदवहीला जागा नाही. पण मोहोरबंद सेवेचा जो खर्च कोणत्याही यंत्राला सोसता येत नाही, तो तिच्यात जमा होतो, आणि म्हणून प्रत्येक दुकानात ती वही खरोखरीच ठेवलेली व वापरात असली पाहिजे.

याच्या उलट टोकाला युपीआय आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या देयकव्यवस्थेत ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. सरासरी काढल्यास सेकंदाला सुमारे साडेसात हजार. प्रत्येक व्यवहार देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि मधले राष्ट्रीय महामंडळ यांच्यामध्ये अनेक निरोपांतून पार पडतो, आणि हे निरोप सहीनिशी जातात. चहाच्या टपरीवर दहा रुपये देणाऱ्याला त्या सह्यांचा भार जाणवत नाही, कारण बँका व महामंडळ यांच्यामधील वाट रुंद आणि पक्की आहे. भार तेथेही आहेच, पण तो उचलणारे खांदे मजबूत आहेत.

आता गणिताचा पाया पुन्हा बदलत आहे. पुंज-संगणक पुरेसे समर्थ झाल्यास आजच्या दुहेरी किल्ल्या उघडता येतील, म्हणून अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धती मुक्रर केल्या. त्यांतील किल्ली ठरविण्याची पद्धत गणिताला जड नाही. जड आहे तिचा आकार. आजवर प्रचारात असलेल्या सार्वजनिक किल्लीला ३२ बाइट पुरत. नव्या पद्धतीतील सर्रास वापराच्या किल्लीला १,१८४ लागतात. सहीचेही तसेच, ६४ बाइटांच्या जागी नव्या सहीच्या सर्वांत लहान प्रमाणालाही २,४२० बाइट लागतात. जाळ्यावरचे एक पाकीट साधारण दीड हजार बाइटांचे असते. त्यामुळे फोनाचा पहिलाच ‘नमस्कार’ आता एका पाकिटात मावत नाही, दोनांत विभागून जातो. आणि २०२४ मध्ये क्रोम ब्राउझरने नवी पद्धत सर्वांसाठी सुरू केली तेव्हा असे आढळले की वाटेतील काही जुन्या यंत्रांनी दोन पाकिटांचा नमस्कार कधी पाहिलेलाच नव्हता. दुसऱ्या पाकिटाची वाट न पाहता ती संपर्क तोडून टाकीत होती.